हँडल जड लागलं की

माझ्या भाच्याने ह्यूस्टनला घराच्या गॅरेजमध्ये प्रेस बसवलाय. बहिणीने हे फोनवर सांगितलं तेव्हा मला वाटलं, पोरगा पत्रे ठोकायला लागला की काय. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत पत्रे कापणाऱ्या प्रेसच्या देखभालीत जन्म घालवलेल्या मामाचा वाण नाही पण गुण लागला म्हणायचा. निघालं भलतंच. तो सुट्टीच्या दिवशी रेंजवर नेमबाजीला जातो, झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या वेचून घरी आणतो आणि या प्रेसवर त्या पुन्हा भरतो. तिकडे हा रीतसर छंद आहे. प्रेस, डाय म्हणजे आकार देणारे साचे, सुटे भाग, माहितीची पुस्तकं, सगळं दुकानात मिळतं. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यातलं पाचवं कलम दारूगोळा बनवायला परवाना मागतं, त्यामुळे नाशकात कुणाच्या घरी असला प्रेस असायचं कारण नाही, आणि हे वाचून कुणी तो शोधत निघू नये.

मला काडतुसातलं काही कळत नाही. प्रेस कळतो. म्हणून त्याचा फोन मला येतो. त्याची शनिवार रात्र म्हणजे आमची रविवार सकाळ. इकडे मिसळ आणायला पाठवलेला मुलगा अजून परतलेला नसतो आणि तिकडून स्क्रीनवर हातात टॉर्च धरलेला भाचा म्हणतो, ‘मामा, अडकतंय. तू बघ ना जरा.’

पहिल्यांदा तो प्रेस पाहिला तेव्हा हसू आलं. बाकावर बोल्टने आवळलेला, हापशाच्या दांड्यासारखं हँडल असलेला, एका माणसाने उचलून न्यावा एवढा. आमच्याकडे पन्नास टनी प्रेस हलवायचा तर क्रेन बोलवायला लागते. पण पाच मिनिटं त्याच्याकडे नीट पाहिल्यावर हसू मावळलं. सगळी मंडळी ओळखीची होती. वर-खाली सरकणारा रॅम आहे, डाय आहेत, रॅम वर आला की डायमध्ये शिरणारा जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा आहे. त्यांच्यातही एका बाजूने उघडी सी-फ्रेम आणि सगळीकडून बंद ओ-फ्रेम असे प्रकार आहेत. फरक एवढाच, की आमच्याकडे पत्रा कापणारा पंच वरून खाली येतो आणि त्याच्याकडे पुंगळी खालून वर जाते.

त्याचा प्रेस एकाच वेळी चार-पाच कामं करणारा आहे. मधोमध एक गोल प्लेट, तिच्या कडेला खाचा, प्रत्येक खाचेत एक पुंगळी. हँडल एकदा खाली-वर केलं की प्लेट एक घर पुढे सरकते. पहिल्या घरात जुना, फुटलेला प्रायमर, म्हणजे बुडातली दारू पेटवणारी टोपी, पिनेने बाहेर ढकलला जातो आणि झाडल्यामुळे फुगलेली पुंगळी डायमध्ये दाबून मूळ मापावर येते. नंतर नवा प्रायमर बसतो, मग मोजून दारू पडते, मग गोळी बसते आणि शेवटी पुंगळीचं तोंड गोळीभोवती आवळलं जातं. आमच्याकडच्या प्रोग्रेसिव्ह डायमध्ये पत्र्याची पट्टी अशीच घराघराने पुढे जाते; एका ठोक्यात एकीकडे भोक पडतं, दुसरीकडे वाक येतो, तिसरीकडे जॉब तुटून बाहेर पडतो. घरं जेवढी जास्त तेवढं उत्पादन जास्त, आणि बिघाड झाल्यावर तो नक्की कुठल्या घरातला हे शोधायची डोकेदुखीही तेवढीच जास्त.

त्याची पहिली तक्रार प्रायमर नीट बसत नाही ही होती. मध्येच एखादी पुंगळी हटून बसते. त्याने सगळा प्रेस खोलला होता. प्लेटचा मधला बोल्ट सैल करून पाहिला, मग घट्ट करून पाहिला, प्रायमर पुढे आणणारी पट्टी काढून पुसली, कुठली तरी स्प्रिंग बदलली. मी त्याला म्हटलं, मशीन राहू दे बाजूला, अडकलेल्या पुंगळ्या दाखव.

नवीन माणूस बिघाड झाला की आधी पाना उचलतो. मुरलेला सेटर, म्हणजे डाय बसवणारा, आधी स्क्रॅपच्या डब्यात हात घालतो. जॉबला बर, म्हणजे कापताना उठलेली खरखरीत कड, कुठल्या बाजूला आलाय ते तो बोट फिरवून बघतो. सगळीकडून सारखा बर असेल तर पंच आणि डायची धार गेली, ग्राइंडिंगला पाठवा. एकाच बाजूला असेल तर धार शाबूत आहे, पंच डायच्या मध्यावर उतरत नाहीये, सेटिंग बघा. तुटलेली कड उजेडात धरली की वर चकचकीत पट्टा दिसतो आणि खाली खडबडीत. साध्या पोलादी पत्र्याला पंच आणि डायमध्ये प्रत्येक बाजूला पत्र्याच्या जाडीच्या पाच ते दहा टक्के फट ठेवतात. फट कमी-जास्त झाली की त्या चकचकीत पट्ट्याची रुंदी बदलते. म्हणजे फट मोजायचा फीलर गेज लावायच्या आधीच जॉबने निम्मं सांगितलेलं असतं.

भाच्याने अडकलेल्या पुंगळ्या ओळीने मांडल्या. सगळ्या एकाच मापाच्या, पॉइंट फॉर्टी फाइव्ह एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसाच्या. बुडाकडून कॅमेरा धरायला लावला तर काहींचं प्रायमरचं भोक उघड उघड लहान. या जातीच्या पुंगळ्या दोन प्रकारच्या प्रायमरसाठी बनतात आणि रेंजवर सगळ्या एकाच जमिनीवर पडतात. मोठा प्रायमर सुमारे 5.33 मिलिमीटरचा, लहान 4.45 चा. लहान भोकात मोठा कोंबायला गेलं की अडकणारच. प्रेस बिचारा सांगेल ते काम करत होता. मग आणखी दोन चोर सापडले. सैन्यासाठी बनलेल्या काही पुंगळ्यांत प्रायमर हलू नये म्हणून भोकाची कड आत दाबलेली असते; ती कड आधी मोकळी केल्याशिवाय नवा प्रायमर तिरका शिरतो. आणि एका परदेशी पुंगळीत तळाशी मधोमध एका भोकाऐवजी बाजूला दोन बारीक भोकं होती, तिथे त्याची प्रायमर काढायची पिनच वाकली होती. तिन्ही बाबतीत दोष आलेल्या मालात होता. आमच्याकडे पत्र्याची कॉइल बदलली की सेटर आधी मायक्रोमीटर लावतो, ते याचसाठी. दीड मिलिमीटरच्या जागी पावणेदोनचा पत्रा आला तर डायला त्याची दया येत नाही.

मी त्याला विचारलं, ही पुंगळी घेताना हाताला काय लागलं? तो म्हणाला, ‘थोडं जड लागलं, मग मी जोर लावला.’

प्रायमर म्हणजे ठोका बसला की पेटणारी वस्तू. तिथे जोर लावायचा नाही, हे त्याने कुठे तरी वाचलंही होतं. पण वाचलेलं डोक्यात असतं आणि जोर दंडातून येतो. रांगेत उभे असलेले बाकीचे प्रायमर नळीत शेजारीच असतात. त्यामुळे डोळ्यांवर गॉगल आणि जड लागलं की हात थांबवणं, या दोन गोष्टींवर मी त्याच्याशी वाद घालत नाही.

हाताला लागतं, हे त्याचं केवढं भाग्य आहे हे त्याला ठाऊक नाही. नाशकातल्या अंबडला छोट्या युनिटमध्ये अजून हँड प्रेस आहेत, वर आडवा दांडा आणि टोकाला जड गोळा असलेले. त्यावर वायसर, क्लिपा, टर्मिनल असली कामं चालतात आणि बहुतेक ठिकाणी बायका बसतात. त्यांच्याशी बोला. दांडा फिरवला की पंच पत्र्यात शिरताना हाताला एक टचका बसतो. तो टचका मऊ आला तर पत्रा पातळ आहे, लांबला तर धार गेलीय, दोनदा आला तर खाली आधीचा जॉब अडकलाय. मीटर नाही, सेन्सर नाही. ‘साहेब, आज प्रेस बरोबर लागत नाहीये’ असं एखादीने सांगितलं की शहाणा मालक डाय उतरवून बघतो.

मोटरवर चालणाऱ्या पॉवर प्रेसने ही जाण काढून घेतली. हिशोबच बघा. दोन मिलिमीटर पत्र्यातून पन्नास मिलिमीटर व्यासाची चकती कापायची. परीघ 157 मिलिमीटर, गुणिले जाडी दोन, म्हणजे 314 चौरस मिलिमीटर कड तुटणार. चौरस मिलिमीटरला चाळीस किलो धरले तर साडेबारा टन. हे काम फ्लायव्हील, म्हणजे मोटरने फिरणारं जड चाक, करतं, पेडल दाबणाऱ्या पायाला त्यातलं काहीही कळत नाही. पत्रा एकाऐवजी दोन गेले, खाली चकत्या साचून डाय तुंबली, पंचाला चिकटून चकती परत वर आली, पायाला सगळं सारखंच. म्हणून पॉवर प्रेसवरचा माणूस कान लावतो. ठोक्याचा आवाज बदलला की तो बंद करतो आणि मेंटेनन्सला हाक मारतो. आमचं निम्मं निदान आवाजावर व्हायचं. ब्रेकचा पट्टा सैल झाला की रॅम वरच्या टोकाला थांबताना कसा किंचित पुढे घसरतो, ते डोळ्यांआधी कानाला कळायचं.

आणि जुन्या ‘रोलिंग की’ क्लचच्या, म्हणजे फ्लायव्हीलला रॅम एका चावीने जोडणाऱ्या प्रेसला एक दुर्गुण असतो. चावी एकदा बसली की रॅम पूर्ण फेरी मारल्याशिवाय थांबत नाही. मध्येच विचार बदलायची सोय नाही. चावी झिजली, तिची स्प्रिंग थकली किंवा ब्रेक ढिला पडला की पेडल न दाबता दुसरा ठोका पडतो. त्या वेळी हात कुठे असेल हे नशिबावर. मोटर बंद केली म्हणजे प्रेस थांबला असं नव्या पोरांना वाटतं. फ्लायव्हील पुढे कितीतरी वेळ फिरत असतं आणि एक ठोका मारण्याइतकी ताकद त्यात असते. प्रेस शॉपमध्ये राहून बोटं गेलेला माणूस पाहिला नाही असा मेंटेनन्सवाला मला तरी भेटलेला नाही. त्यातल्या कितीतरी जणांची बोटं धंदा जोरात चालू असताना गेली नाहीत. काही तरी अडकलं होतं आणि ते काढायला हात आत घातला होता, तेव्हा गेली.

भाच्याच्या प्रेसला फ्लायव्हील नाही. हात सोडला की सगळं थांबतं. तरी अडकलेलं काढायची वेळ त्याच्याकडेही सगळ्यात वाईट, फक्त कारण वेगळं. समजा तिसऱ्या घरात काही तरी अडलं. हँडल अर्धवट मागे घेतलं, प्लेट हाताने थोडी फिरवली, पुंगळी काढून पाहिली, परत ठेवली. आता कुठल्या पुंगळीत दारू पडलीय आणि कुठल्या नाही? पिस्तुलाच्या मोठ्या पुंगळीत दारू बुडाशी जेमतेम असते, त्यामुळे दुप्पट पडली तरी ती बाहेर सांडत नाही, गुपचूप मावते. आणि अजिबात पडली नाही तर नुसता प्रायमर गोळीला पिस्तुलाच्या नळीत ढकलतो आणि ती तिथेच अडकू शकते. पुढची गोळी झाडली की नळी फुटू शकते. आमच्याकडे चुकीचा जॉब स्क्रॅपच्या डब्यात जातो. त्याच्याकडे चुकीचा जॉब चेहऱ्यापासून हातभर अंतरावर फुटतो.

म्हणून तिकडचा नियम कडक आहे आणि तो मला मनापासून आवडला: प्रेस अडकला की प्लेटवरच्या सगळ्या पुंगळ्या खाली घ्यायच्या, दारू परत डब्यात ओतायची, पहिल्या घरापासून नव्याने सुरू. एकही पुंगळी ‘हिच्यात बहुतेक पडलीय’ म्हणून चालवायची नाही. शिवाय गोळी बसवायच्या आधी प्रत्येक पुंगळीत डोकावून बघायचं. भाच्याने प्रेसच्या फ्रेमला एक छोटा एलईडी दिवा चिकटवलाय, उजेड थेट पुंगळीच्या तोंडात पडतो. प्रेसवर त्याने केलेल्या सगळ्या खर्चात मला हा दिवा पटला. बाकीचं बरंचसं चैनीत मोडतं.

बिघाड शोधायची रीत मात्र मी त्याला आमची लावली. दारू, प्रायमर, गोळ्या सगळं खोलीच्या दुसऱ्या टोकाला. प्रेस रिकामा चालव, प्लेट हलकी फिरते का बघ. मग एकच पुंगळी घालून एकेक घर कर. एका वेळी एकच गोष्ट बदल, आणि बदलायच्या आधी डायच्या लॉक नटवर आणि फ्रेमवर मिळून मार्करने एक रेघ मार, म्हणजे नट फिरला की रेघ तुटलेली दिसेल. बोल्ट सैल आणि स्प्रिंग नवी असं एकदम केलं तर बरं होऊनही कशाने बरं झालं ते कळत नाही.

त्या रेघेनेच त्याचं दुसरं दुखणं सापडलं. पुंगळ्या कधी मापात, कधी किंचित जाड. डाय त्याने रॅम वर नेऊन खालच्या प्लेटला टेकेपर्यंत बसवली होती, पण हात रिकामा असताना. पुंगळी आत गेली की ती दाबाला विरोध करते, फ्रेम केसभर उघडते आणि डाय आणि प्लेटमध्ये फट राहते. आमचा सी-फ्रेम प्रेस असाच जड कामाला तोंड उघडतो; म्हणून बारीक कामाचा डाय हाताने फिरवून बसवला तरी पहिला जॉब प्रत्यक्ष ठोक्यानंतर मोजतात. त्याच्याकडचा उपाय डाय टेकल्यावर आणखी थोडी, फेरीचा आठवा हिस्सा वगैरे, खाली घ्यायची. मग हँडल शेवटाला किंचित चढ चढून उतरल्यासारखं लागतं. त्याच्या डायला ते चाललं. शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये जोड सरळ रेषेत येतात आणि हाताची ताकद कित्येक पटींनी वाढते. क्रँक प्रेसचंही तसंच, पाटीवर लिहिलेले टन खालच्या टोकाजवळच मिळतात, मधल्या वाटेत नाही.

स्वच्छतेबद्दल काय बोलायचं. फुटलेल्या प्रायमरची राख वाळूसारखी खरखरीत असते, त्यात शिसंही असतं. ती रॅमवर पडते आणि वर-खाली होताना रॅमला आणि तो ज्यातून सरकतो त्या बुशला घासत राहते. दारूचा एखादा दाणा प्लेटखाली शिरला की प्लेट पूर्ण सरकत नाही आणि पुन्हा प्रायमर तिरका. पुसून काढायचं, हात धुवायचे, रॅमला तेलाचा पातळ हात द्यायचा. पण तेल प्रायमरपर्यंत पोचू द्यायचं नाही, त्याने तो निकामी होऊ शकतो. आमच्याकडे मेंटेनन्सवाला ग्रीस गन घेऊन आला की सगळीकडे मारूनच परततो. ती सवय तिथे घातक.

पितळाची एक गोष्ट मी त्याला सांगितली. काडतुसाचं पितळ म्हणजे सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त. ओढायला फार गुणी, म्हणून आपल्या वरणगावच्या आयुध निर्माणीसारख्या कारखान्यांत लहान पितळी वाटीपासून टप्प्याटप्प्याने ओढत पुंगळी बनवतात. पण ओढलं, ठोकलं की ते कडक होतं. जुन्या नाशकात तांबटाला विचारा. भांडं ठोकता ठोकता मध्येच आगीत लाल करून मऊ करायचं नाही तर ते फुटतं, हे त्याला कुणी शिकवायला लागत नाही. एके काळी ब्रिटिशांच्या हिंदुस्थानातल्या फौजेला एक कोडं पडलं होतं. पावसाळ्यात साठवून ठेवलेल्या पुंगळ्या कुणी हात न लावता तडकायच्या. कारण 1921 मध्ये नीट उलगडलं: ओढताना पितळात अडकून राहिलेला ताण आणि हवेतला अमोनिया. पेटारे तबेल्यात ठेवलेले, आणि घोड्यांच्या मुतातून अमोनिया यायचा. उपाय साधा होता, पुंगळ्या कमी उष्णतेवर, अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपास तापवून ताण उतरवणं.

भाच्याच्या पुंगळ्याही पुन्हा पुन्हा दाबून कडक होतात आणि तोंडाशी चिरतात. तो आता रायफलच्या पुंगळ्यांची फक्त मान तापवतो, बूड कधीच नाही. बूड मऊ झालं तर दाबाला तेच फाटेल. बुडाच्या जरा वर भिंत आतून पातळ होते, तिथून पुंगळी दोन तुकडे होऊ शकते. ते डोळ्याला दिसत नाही. तो पेपर क्लिप सरळ करून तिच्या टोकाला बारीक आकडा वाकवतो, पुंगळीत घालून भिंतीवरून वर ओढतो. खोबण असेल तर आकडा अडखळतो. कॅमेऱ्यासमोर त्याने हे करून दाखवलं तेव्हा मी पहिल्यांदा त्याला म्हटलं, तुला जमायला लागलं.

मागच्या फोनला त्याने नवं काढलं. या प्रेसला लावायची मोटर मिळते, हँडल ओढायला नको, तासाला कितीतरी जास्त काडतुसं. मी नको म्हणालो. मग तो चिडला. ‘मामा, तू आयुष्यभर मोटरवरच्या प्रेसवर काम केलंस आणि मला हाताने ओढायला सांगतोस?’ मुद्दा खरा होता. मी सांगितलं, घ्यायचीच असेल तर जोर ठरावीक मर्यादेपुढे गेला की घसरून थांबणारी मोटर घे, आणि मर्यादा तुझ्या अंदाजाने लावू नको. हँडलच्या टोकाला ताणकाटा अडकव, चांगली पुंगळी दाबताना किती किलो लागतात ते बघ, मग लहान भोकाची, मग कड दाबलेली, दोन्ही रिकाम्या आणि प्रायमरशिवाय. आकडे लिहून पाठव. ताणकाटा अजून घेतलेला नाही म्हणतो. मोटरही नाही.